तारा तुटतो तेव्हा जागं कोण

सिंहस्थात गुरू दिसत नाही. नाशिकमध्ये सगळा जन्म काढलेल्या माणसालाही हे सांगितलं की तो क्षणभर गप्प होतो. बारा वर्षांनी ज्या एका ग्रहासाठी आमच्या गावात लाखो माणसं येतात, घाट नव्याने बांधले जातात, तपोवनात साधुग्राम वसतं, तो ग्रह नेमका त्या दिवसांत आकाशात सापडत नाही. कारण साधं आहे. गुरू सिंह राशीत असतो आणि श्रावण-भाद्रपदात सूर्यही तिथेच येतो. मग गुरू सूर्याबरोबर उगवतो, सूर्याबरोबर मावळतो आणि दिवसभर त्याच्या उजेडात बुडून राहतो. 2015 साली 26 ऑगस्टला गुरू सूर्याच्या मागे गेला आणि 29 ऑगस्टला रामकुंडावर पहिलं शाही स्नान झालं. वर पावसाचे ढग होतेच, पण ते नसते तरी गुरू काही दिसला नसता.

यात मला कुठलं उणेपण वाटत नाही. ग्रह न पाहता तो कुठे आहे हे माहीत असणं, आणि त्या माहितीवर एवढा विश्वास असणं की देशाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस पिशवी उचलून निघतो, ही थोर गोष्ट आहे. पावसाचंही आपण असंच केलं आहे. 7 जूनच्या आसपास मृग लागतं. पण त्या रात्री मृग नक्षत्र शोधायला अंगणात गेलात तर मिळणार नाही, कारण सूर्य मृगात गेला म्हणूनच तर मृग लागलं. पुढे आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. एकही नक्षत्र त्या दिवसांत डोळ्यांना दिसत नाही, तरी शेतकऱ्याच्या बोलण्यात ती शेजारच्या माणसांइतकी सहज येतात. शेकडो पिढ्यांनी डोळे ताणून पाहिलं, मोजलं, लिहून ठेवलं, तेव्हा कुठे आपल्याला न पाहता कळायला लागलं. नाशिकहून भुसावळकडे जाताना चाळीसगाव लागतं. तिथून जवळच पाटण इथे 1207 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ती नोंद. आजोबांचं गणित पोरांनी शिकत राहावं म्हणून दगडावर अक्षरं कोरली गेली, ती आमच्याच मुलखात.

पण तुटणारा तारा कुठल्या पंचांगात नसतो. अमुक रात्री उल्का जास्त पडतील एवढं आता सांगता येतं. कुठली, कुठे, कधी, ते नाही. तो त्या क्षणी वर बघणाऱ्याचा असतो, आणि दुसऱ्याला दाखवायला हात वर करेपर्यंत संपलेला असतो. म्हणून मला आकाशातल्या इतर कशाहीपेक्षा या तुटणाऱ्या ताऱ्यांची आणि ते बघणाऱ्या माणसांची जास्त ओढ आहे.

मी पाहिलेला पहिला तारा मला आठवत नाही, पण तो आजीच्या शेजारी पडून पाहिला असणार. आमचं घर पंचवटीत. मे महिन्यात सगळं घर गच्चीवर झोपायला जायचं. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, तापलेल्या फरशीतून गरम वाफ निघायची, ती निवली की सतरंज्या पडायच्या. आजी जिन्याच्या बाजूला झोपायची, कारण ती चारच्या सुमाराला उठून गंगेवर जायची. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तारा तुटला की आजी हलक्या आवाजात "राम राम" म्हणायची. आम्ही पोरं विचारायचो, काय झालं. "कुणीतरी गेलं गं." कोण गेलं? "असेल कुणीतरी. कुणाचं तरी असतंच की."

तुटत्या ताऱ्याकडे काही मागायचं असतं हे आम्ही पुढे सिनेमात पाहिलं. आजीच्या लेखी त्या वेळी मागणं शोभत नव्हतं. माणूस निघालाय, त्याला निरोप द्यायचा, एवढंच. रामकुंड आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. रोज कुठून कुठून माणसं अस्थी घेऊन तिथे उतरायची, आणि आजीला त्या अनोळखी माणसांचं नवल नव्हतं. वरून जाणारा आणि खालून नेलेला, दोघांना ती तेवढ्याच आपलेपणाने राम राम करायची.

ही समजूत आजीची एकटीची नव्हती. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांवर एक अध्याय लिहिला आहे. स्वर्गात पुण्याचं फळ भोगून झाल्यावर जे खाली येतात त्यांचं रूप म्हणजे उल्का, असं तो म्हणतो, आणि लगेच त्यांचे पाच प्रकार करतो: धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत, तारा. कुठली बारीक, कुठली लांब, कुणाला शेपूट, कुणाचा आवाज होतो, हे सगळं त्यात आहे. मला या लिहिण्यात दोन माणसं एकाच जागी बसलेली दिसतात. एकाला गेलेल्यांची काळजी आहे, दुसऱ्याला शेपटीची लांबी मोजायची आहे, आणि दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत.

आजी आणखी एक म्हणायची: "पहाटेच जास्त जातात." आम्हाला वाटायचं, ती पहाटे जागी असते म्हणून तिला तसं वाटतं. पुढे कॉलेजात कळलं की ती बरोबर होती. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटरने पळते, आणि मध्यरात्रीनंतर आपण राहतो ती बाजू तिच्या पळण्याच्या दिशेला येते. भर पावसात कसारा घाट चढणाऱ्या एसटीच्या पुढच्या काचेवर थेंबांचा मारा असतो, मागची काच जवळजवळ कोरडी, तसंच. संध्याकाळी आपण मागच्या काचेत बसलेलो असतो, पहाटे ड्रायव्हरशेजारी. म्हणून पहाटेचे तारे जास्त, आणि वेगवानही.

त्यातही मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली पहाट खास. 5-6 मेच्या सुमाराला कुंभ राशीतून जो उल्कावर्षाव होतो, त्याची धूळ हॅलीच्या धूमकेतूची आहे. पृथ्वी वर्षातून दोनदा त्या धुळीतून जाते, एकदा मेमध्ये आणि एकदा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. 1986 साली हॅली आला तेव्हा मी लहान होते. वडिलांनी पहाटे उठवून गच्चीच्या कठड्याशी नेलं, आग्नेयेला बोट दाखवलं, मला अंधुक काहीतरी दिसलं आणि पुन्हा झोप लागली. सगळं गाव त्या वर्षी थोडं हिरमुसलं होतं. मोठी शेपटी पाहायला मिळेल असं सगळ्यांना वाटलं होतं आणि तो फिका निघाला. आता तो 2061 साली येईल. पण त्याच्याच अंगावरून शेकडो वर्षांपूर्वी सुटलेले कण दर मेमध्ये आमच्या गच्चीवर येत होते, सेकंदाला सुमारे 66 किलोमीटरच्या वेगाने. त्या वेगाने निघालं तर नाशिकहून मुंबई अडीच-तीन सेकंदांत येते. आजी रोज ज्यांना राम राम म्हणत नदीवर गेली, त्यातले काही त्याच पाहुण्याचे होते. तिला हे सांगता आलं असतं तर ती काय म्हणाली असती, याचा मी पुष्कळदा विचार करते. मला वाटतं, तिने विचारलं असतं, मग तो धूमकेतू झिजत असेल ना? आणि ते खरंच आहे. प्रत्येक फेरीत तो झिजतो. त्याच्यातून गेलेलंच आपल्याला दिसतं.

आकार किती, तर बहुतेक वेळा वाळूच्या कणाएवढा. कण एवढ्या वेगात येतो की समोरची हवा दबून प्रचंड तापते, कणाची वाफ होते, आणि ती वाफ आणि हवा मिळून उजळते. ही रेघ जमिनीपासून साधारण 80 ते 120 किलोमीटर उंचीवर उमटते. म्हणजे डोक्यावर तुटलेला तारा आपल्याला मुंबईपेक्षा जवळ असतो. हे मला आजही पटकन पटत नाही. तारे म्हणजे दूर, ही आपली खात्री. रात्रीच्या आकाशात सगळ्यांत तेजस्वी दिसणारा तारा व्याध साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे, आणि त्याच्याशेजारून निसटला असं ज्याच्याबद्दल वाटतं तो आपल्या हवेतला, आपल्या घरचा असतो.

1998 च्या नोव्हेंबरात मी कॉलेजात होते. वर्तमानपत्रांत सिंह राशीतल्या उल्कांची चर्चा होती. त्यांची धूळ ज्याची, तो टेंपल-टटल नावाचा धूमकेतू 33 वर्षांनी सूर्याजवळ येऊन गेला होता, 17 तारखेच्या मध्यरात्रीनंतर उल्कांचं वादळ येईल असा अंदाज होता, आणि आपण पृथ्वीच्या सोयीच्या बाजूला होतो. त्या महिन्यात लोकांच्या तोंडी दोनच विषय होते, कांद्याचा भाव आणि उल्का. आम्ही दहा-बारा जण शाली, चटया, थर्मास घेऊन अंजनेरीच्या पायथ्याला गेलो. डोंगराची काळी कड, खाली त्र्यंबकचे दिवे, आणि पूर्वेकडून वर येणारा सिंह. मघा आणि तिच्या वरचा विळ्याचा बाक स्पष्ट दिसत होता. उल्का दिसल्या, चांगल्या दिसल्या, पण वादळ काही आलं नाही. उजाडताना दवाने भिजलेल्या चटया झटकून आम्ही परत आलो.

त्यानंतर दिवाळीची राहिलेली भेट म्हणून निफाड तालुक्यात मामांकडे गेले. बोलता बोलता हे सांगितलं, तर मामा म्हणाले, "तुम्ही त्या रात्री कशाला गेले? त्याच्या आदल्या पहाटे पाहायचं होतं." ते आदल्या रात्री कांद्याला पाणी भरत होते. पहाटे एवढा मोठा उजेड पडला की वाफ्यातलं पाणी चमकलं आणि त्यांची स्वतःची सावली बांधावर दिसली. त्यांना वाटलं मागे कुणी बॅटरी मारली. वळून पाहिलं तर आकाशात धुराची रेघ लोंबत होती, वाकडी होत होती, आणि बराच वेळ राहिली. मग दुसरा, तिसरा. "आधी राम राम म्हटलं. मग किती वेळा म्हणणार?"

मामा सांगत होते ते पुढे जगभरच्या निरीक्षणांतून तसंच्या तसं आलं. 1998 साली मोठे अग्निगोल अंदाजाच्या सोळा-सतरा तास आधी येऊन गेले होते. शहाण्यासुरत्या लोकांनी गणित करून एक रात्र ठरवली आणि आकाश आदल्या पहाटेच मोकळं झालं. ज्यांनी ते पाहिलं ते आकाश पाहायला आलेलेच नव्हते.

याआधीही असंच झालं आहे. 1833 च्या 13 नोव्हेंबरला पहाटे अमेरिकेवर याच सिंहातून उल्कांचा असा पाऊस पडला की लोक अंथरुणातून उठून रस्त्यावर आले, कित्येकांना जगाचा शेवट आला असं वाटलं. येल कॉलेजातल्या डेनिसन ओल्मस्टेड या प्राध्यापकाने वर्तमानपत्रातून लोकांना आवाहन केलं, तुम्ही काय पाहिलं ते कळवा. ठिकठिकाणच्या साध्या माणसांनी लिहून कळवलं. त्यावरून त्याला दिसलं की साऱ्या उल्का सिंह राशीतल्या एकाच बिंदूतून फुटून निघाल्यासारख्या दिसतात. उल्काशास्त्र उभं राहिलं ते त्या पत्रांवर, रात्री जाग आलेल्या माणसांच्या जबानीवर. आमच्या मामांची जबानी कुणी घेतली नाही. म्हणून मी इथे लिहून ठेवते आहे.

आणि तो सिंह आमचाच. ज्या राशीवरून आमच्या मेळ्याला नाव मिळालं त्याच राशीतून या उल्का येतात. सिंहाची पहिली चांदणी मघा, आणि मघेची देवता पितर. हे पंचांगात आहे, कुणीही पाहावं. पितरांच्या नक्षत्राच्या अंगणातून तारे निखळतात आणि आजी त्यांना कुणाचं तरी जाणं म्हणते. हे जुळणं निव्वळ योगायोगाचं, मला ठाऊक आहे. पण रामकुंडाच्या काठी वाढलेल्या माणसाला ते मनातून काढता येत नाही, आणि काढायचं कारणही मला दिसत नाही.

मामांच्या त्या गोष्टीनंतर मी हट्टाने त्यांच्याबरोबर रात्री शेतात गेले. वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची. ती आली की मोटर चालू करायची आणि उजाडेपर्यंत पाणी फिरवायचं. पायात गमबूट, डोक्याला मफलर, हातात खोरं, कमरेला बॅटरी. पाटातून पाणी वाफ्यात शिरतं, चुळबुळ आवाज करत टोकापर्यंत जातं, वाफा भरला की खोऱ्याने माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं दारं मोडायचं. या दोन दारांच्या मध्ये काही मिनिटं अशी असतात की काही करायचं नसतं. मामा तेव्हा बॅटरी बंद करायचे, सेल वाचवायला. आणि अंधारात उभा राहिलेला माणूस पाण्याचा आवाज ऐकत काय करणार, तर वर बघणार. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात असं सांगतात. मामांचे डोळे तासन्‌तास सवयीत असायचे. त्यांना मागच्या बांधावर सरपटलेलं दिसायचं आणि वरचंही.

त्यांच्या हिशेबात वर्षातले सगळ्यांत चांगले तारे मार्गशीर्षात पडतात. "सावकाश जातात, पुरवून पुरवून." डिसेंबरच्या 13-14 तारखेच्या मिथुनेच्या उल्का त्या. सेकंदाला 35 किलोमीटर, म्हणजे हॅलीच्या कणांच्या निम्म्या वेगाच्या, म्हणून सावकाश वाटतात. गंमत अशी की त्यांची धूळ धूमकेतूची नाही. 1983 साली सापडलेल्या फेथन या खडकाळ लघुग्रहाची ती आहे, आणि त्याच्यातून एवढी धूळ कशी सुटली याचा शोध अजून चालू आहे. आमच्याकडे त्याच रात्री द्राक्षं गारठतात. निफाडला पारा उतरला की बागायतदार पहाटे बागेच्या कडेला शेकोट्या पेटवतात, म्हणजे धुराने आणि उबेने मणी वाचतील. घड तडकले तर वर्षाची कमाई जाते. त्या धास्तीने जागे असलेल्या माणसांच्या डोक्यावरून वर्षातला सर्वांत भरवशाचा उल्कावर्षाव जातो. ऑगस्टच्या ययातीच्या उल्का जगभर गाजतात, पण आपल्या वाट्याला तेव्हा श्रावणाचे ढग. आणि महाराष्ट्र ज्या एका रात्री मुद्दाम जागतो, ती कोजागिरी, तेव्हा पूर्ण चंद्र बारीक तारे गिळून टाकतो. आटीव दूध घ्यायला सगळे गच्चीवर, आणि वर चंद्राशिवाय फारसं काही नाही. कोजागिरी माझी लाडकी रात्र आहे, तरी दरवर्षी हे मनात येतंच.

मामांनी मला सप्तर्षी दाखवले ते ऋषी म्हणून नव्हे. चार चांदण्यांची म्हातारीची खाट, आणि मागच्या तीन म्हणजे ती चोरून नेणारे चोर. पुढे विदर्भातल्या गोंडांच्या आकाशाबद्दल वाचलं तर तिथेही तीच खाट आणि तेच तीन चोर. आकाशगंगेला ते जनावरांची वाट म्हणतात. ऋषी, अरुंधती हे आम्हाला आजीकडून आलं होतं, कारण ती कीर्तनाला जायची. मामांना खाट दिसायची, कारण ते रात्रभर उभे असायचे. थकलेल्या माणसाला आकाशात खाट दिसणं मला फार खरं वाटतं. आणि ती खाट ध्रुवाभोवती फिरते; आमच्याकडून ध्रुव उत्तरेला वीस अंशांवर, रामशेज किल्ल्याच्या अंगाला. चोर रात्रभर चालतात, खाट काही घरी पोचत नाही. मामा त्यावरून वेळ सांगायचे. चोर खाली गेले, आता लाईट जाईल.

आता आकाशातून तुटून येणारं सगळंच धूमकेतूचं नसतं. 2022 च्या 2 एप्रिलला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ-खानदेशात लाखो लोकांनी एक जळती रांग आडवी जाताना पाहिली. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून एक भलंमोठं धातूचं कडं येऊन पडलं. ते एका चिनी रॉकेटचं होतं. माझ्या फोनवर त्या रात्री चित्रफिती येत राहिल्या, आणि प्रत्येकीखाली कुणीतरी लिहिलेलं: उल्का. ओळखायची खूण एवढीच की खरी उल्का सेकंदात संपते, आणि माणसाने वर सोडलेलं परत येतं तेव्हा ते आडवं, रेंगाळत, तुकडे होत, मिनिटभर सुद्धा जातं. पाडव्याच्या दिवशी गुढ्या उतरवून माणसं अंगणात होती म्हणून एवढ्यांनी पाहिलं. खऱ्या दगडाची गोष्ट त्याहून दुर्मिळ. 22 मे 2012 ला नागपूरजवळच्या काटोलमध्ये भर दुपारी स्फोटासारखे आवाज झाले आणि दगड पडले. रात्री जागणाऱ्यांच्या नशिबात नसलेली ती उल्का दिवसा, संत्र्यांच्या गावात उतरली.

नाशिकच्या आकाशाचं काय, हे लिहिताना मला वाईट वाटतं. द्वारकेच्या उड्डाणपुलापासून सातपूर-अंबडच्या कारखान्यांपर्यंत रात्र आता पिवळट-पांढरी असते. पंचवटीच्या आमच्या गच्चीवरून व्याध दिसतो, मृग दिसतो, गुरू-शुक्र दिसतात. आकाशगंगा दिसत नाही, आणि बारीक तारा तुटला तर तो कुणालाच कळत नाही. त्र्यंबकहूनही नाशिकच्या दिशेचं आकाश उजळलेलं असतं. अंधार हवा तर पेठ, हरसूल, सुरगाण्याकडे जावं लागतं. आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. वाघांसाठी राखलेल्या जंगलात अंधारही राखला गेला. सिंहस्थासाठी हजारो कोटींची कामं होतात, त्यांत रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून बसवले, वर सांडणारा उजेड झाकला, तर त्याला फारसा खर्च नाही. ज्या गावाचा मेळा आकाशावरून ठरतो त्या गावाने एवढं करावं.

शेतातली रात्रही बदलते आहे. द्राक्षाला ठिबक आलं, मोटर मोबाईलवरून चालू होते, सौर वाहिन्यांमुळे शेताला दिवसा वीज मिळायला लागली आहे. हे व्हायलाच हवं होतं. रात्री पाणी भरताना साप चावून माणसं गेली आहेत, आमच्या भागात तर उसात बिबट्या ही रोजची भीती. मामांच्या मुलाने रात्री झोपावं यासारखं दुसरं काही मला नको आहे. पण मग आदल्या पहाटे येणारं कोण पाहणार? आजी गेली, गच्चीवर झोपणं गेलं, आता मामांची रात्रपाळीही जाईल. यापुढे जो कुणी जागा असेल तो स्वतःहून जागा असेल, आणि ते आपल्याला मुद्दाम शिकावं लागेल, मुलांना शिकवावं लागेल, घोंगडी घेऊन माळावर पडावं लागेल.

त्यासाठी एक चांगली रात्र आहे. 2026 च्या ऑक्टोबरअखेर गुरू सिंह राशीत जातो आणि नाशिकचा सिंहस्थ सुरू होतो. शाही स्नानाला गुरू दिसत नाही, पण त्या नोव्हेंबरात पहाटे तो ठळक दिसेल, मघेच्या अगदी जवळ, आणि मंगळही त्याच्याशेजारी. 17 आणि 18 नोव्हेंबरच्या पहाटे सिंहाच्या उल्का येतात. चंद्र तेव्हा अर्धा, मध्यरात्रीच्या सुमाराला मावळलेला. म्हणजे ज्या ग्रहासाठी मेळा भरतो तो ग्रह, ज्या राशीत भरतो ती रास, तिच्यातलं पितरांचं नक्षत्र आणि त्यातून निखळणारे तारे, हे सगळं एका नजरेत मावेल. वादळ वगैरे येणार नाही. तासाला दहा-पंधरा दिसल्या तरी पुष्कळ. पण ज्याला सिंहस्थ डोळ्यांनी पाहायचा आहे त्याच्यासाठी ती पहाट आहे, आणि तिला ना घाट लागतो ना बॅरिकेड.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. शेतात जात नाहीत, पण झोप म्हणाल तर नाहीच. मी त्यांना फोन करून सांगितलं, "मामा, आम्ही पोरांना घेऊन येणार आहोत, तुमच्या मळ्यात झोपणार आहोत, पहाटे तीनला उठवाल का?" त्यांनी तारीख नीट विचारून घेतली, पुन्हा एकदा विचारली.

"उठवतो की," म्हणाले. "पण ह्या वेळी एक दिवस आधीच या."